उमावहिनींनी वेताळ ऐकला

या, जरा पुढं सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकलेली गोष्ट अर्धीच पोचते, असं आपलं माझं मत. जन्मभर कीर्तनात पहिल्या सतरंजीवर बसलेला माणूस मी. आज सांगणार आहे ती गोष्ट देवळातली मात्र नाही. तिच्यात वेताळ आहे, किंचाळणं आहे, देवाला दिलेली एक सणसणीत शिवीही आहे. तरी रामरायाला स्मरून सांगतो. शिवीपाशी उठून जाऊ नका म्हणजे झालं.

उमावहिनी खिडकीपाशी बसून शेंगा फोडत होत्या. मिरजेत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. मी नेहमीसारखा त्यांच्या डाव्या हाताला बसलो, कारण उजवा कान जाऊन वर्षं लोटली होती. आता डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली होती.

"गुरुवारी ऑपरेशन," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, विष्णुपंत. गाठ निघेल, जीव राहील. कान राहणार नाही."

"रामाच्या मनात असेल तर..."

"रामाला मध्ये घालू नका. त्याला त्याची कामं आहेत. माझं काम तुमच्याकडं आहे."

"सांगा."

"शिपूची गाणी ऐकायची आहेत मला. गुरुवारच्या आत."

मी हातातली शेंग तशीच धरून बसलो.

शिपू म्हणजे श्रीपाद, वहिनींचा एकुलता एक मुलगा. वहिनींचे यजमान नरहरबुवा जेरे हे आमच्या भागातले मोठे कीर्तनकार. मी त्यांना किती वर्षं ऐकलं ते सांगत बसत नाही. माझ्या तरुणपणापासून ते त्यांच्या शेवटच्या उत्सवापर्यंत, एवढं पुरे. श्रीपाद लहानपणी त्यांच्या मागं झांज घेऊन उभा राहायचा. कॉलेजात गेला आणि दोन मित्रांना घेऊन त्यानं 'राखघाट' नावाचा बँड काढला. त्या संगीताला ब्लॅक मेटल म्हणतात. गिटारींचा वणवा, ड्रमचा मारा आणि त्यावर गाणाऱ्याचं असं ओरडणं की एक शब्द कळू नये. तोंडाला पांढरं-काळं फासून उभे राहतात. स्टेजवर आमच्या शिपूचं नाव होतं वेताळ.

बँडचे चार अल्बम निघाले. तिसरा निघाला तेव्हा शिपूच्या एका चुलतभावानं घरी येऊन बुवांना सांगितलं, तुमच्या मुलानं देवाला शिव्या घातल्यात, जगभर वाजतायत. पुढं काही महिन्यांत बुवा हृदयविकारानं गेले. भाऊकीनं दोन्ही गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या. मुलानं बापाला मारलं, असं तेराव्याच्या पंगतीत लोक बोलले. श्रीपादनं सगळं ऐकलं, विधी पुरे केले आणि गेला. त्यानंतर एकच अल्बम केला आणि गाणं सोडलं. बंगळूरला नोकरी धरली. आई-मुलाचं फोनवर बोलणं व्हायचं, पण जेवलास का, औषध घेतलंस का, एवढंच. मधल्या गोष्टीला दोघंही हात लावत नसत.

"बुधवारी तो येतोय," वहिनी म्हणाल्या. "आला की मला ऐकू द्यायचा नाही. म्हणून आधी."

"वहिनी, ते आपल्यासारख्यांनी ऐकायचं नसतं हो."

"आपल्यासारख्यांनी म्हणजे कुणी? लोकांनी काय काय ऐकलं ते मला सांगून झालंय. माझ्या स्वतःच्या कानावर एक सूर पडलेला नाही. कान आज आहे, शुक्रवारी नसेल. तुम्ही आणणार नसाल तर मी रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारेन."

त्या विचारतील याबद्दल मला शंका नव्हती. मी उठलो.

तौफिक मुजावर आमच्या राममंदिराच्या उत्सवात माइक लावायचा. घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. हा मात्र अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात तंबोऱ्यांच्या भोपळ्यांच्या रांगेवर राखघाटचं मोठं पोस्टर होतं, ते मी जाता-येता पाहून राम राम म्हणत असे. त्याला वहिनींची गोष्ट सांगितली. त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"वेताळची आई ऐकणार?"

"श्रीपादची आई ऐकणार."

"काका, उद्या दुपारी या. मी दोघांना बोलावतो. हे एकट्यानं ठरवायचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात दोघं हजर होते. प्रणिता हेरवाडे खाजगी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायची. उन्हाळ्याच्या काहिलीतही पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट. आणि बाळू कोरे, हायस्कूलमधला चित्रकलेचा मास्तर, गोल चेहऱ्याचा, बोलताना आधी हसणारा. राखघाट आता उरला नव्हता, पण ही मंडळी अजून दर महिन्याला जमून त्याचे अल्बम ऐकत आणि भांडत.

मी अडचण सांगितली. मोठ्या आवाजानं वहिनींना चक्कर येते. डॉक्टर म्हणाले, फार तर तासभर, तेही बेतानं. म्हणजे चारांतला एकच अल्बम. कुठला, ते तुम्ही सांगा.

"पहिला," प्रणिता लगेच म्हणाली. "'चितेचा उजेड'. खरा राखघाट तोच. बाकीचं सगळं त्याची सावली."

"पहिल्यात ड्रम कुठंयत ते दाखव," तौफिक म्हणाला. "डब्यात वाटाणे घालून हलवल्यासारखं वाजतंय. म्हाताऱ्या बाईला ते ऐकवायचं?"

"सांगलीच्या हळदीच्या गोदामात एका माइकवर रेकॉर्ड केलंय त्यांनी. कच्चं आहे म्हणूनच जिवंत आहे. त्यात थंडी ऐकू येते."

"सांगलीत कसली गं थंडी?"

"तुला नाही कळायचं. तुला सगळं पॉलिश केलेलं लागतं, तंबोऱ्यासारखं."

"तंबोऱ्याला नावं ठेवू नकोस, अब्बा आत बसलेत." तौफिक माझ्याकडं वळला. "काका, दुसरा. 'काळोखाची पाठ'. पुण्याच्या स्टुडिओत केलाय. प्रत्येक वाद्य वेगळं कळतं. ड्रमर असा वाजवतो की घाटातून ट्रक ब्रेकशिवाय उतरतोय. आणि शब्दांत वाईटसाईट काही नाही. धुकं, दरी, मेलेलं जंगल, एवढंच."

"निसर्गवर्णन," प्रणिता म्हणाली. "सहावीच्या निबंधासारखं."

बाळू इतका वेळ बोटावरचा रंग खरवडत होता. "मी बोलू का? रागावणार नसाल तर?"

"तू चौथाच म्हणणार," दोघंही म्हणाले.

"चौथाच. 'दगडी पाळणा'. त्यात तो गातो. खरंच गातो, ओरडत नाही. आईला मुलाचा आवाज ओळखू तरी यायला हवा की नको?"

"ते गाणं नाही, ती शरणागती आहे," प्रणिता म्हणाली. "तीन अल्बम आग ओकलेला माणूस अचानक भजनी मंडळात जाऊन बसल्यासारखा. चौथा आला तेव्हा मी आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते."

"शांतता होती गं त्या आठवड्यात," तौफिक म्हणाला.

मला हे भांडण घरचं वाटायला लागलं होतं. देवळाच्या ओट्यावर आम्ही याहून वेगळं काय करत होतो? अमुक बुवा तरुणपणी ऐकावेत, पुढं पुढं लोकरंजनाला लागले. तमुकांचं आख्यान पूर्वी कसं आणि आता कसं. त्यावरून बोलणं टाकलेले म्हातारे मला माहीत आहेत.

"पहिला झाला, दुसरा झाला, चौथा झाला," मी म्हणालो. "तिसऱ्याला कुणीच वाली नाही?"

आत तौफिकचे अब्बा भोपळा घासत होते, तेवढा आवाज राहिला.

"तिसरा नको, काका," बाळू हळू म्हणाला. "'कोरडं तीर्थ'. त्याच्यावरूनच सगळं झालं ना."

"वाईट आहे का?"

"वाईट?" प्रणितानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं बुवांचं कीर्तन बरं असतं का असं विचारणाऱ्याकडं मी पाहिलं असतं. "काका, तसा अल्बम या देशात दुसरा नाही. पण त्यांना नको. त्यांचा नवरा गेलाय त्याच्यापायी. ऑपरेशनच्या तोंडावर त्यांच्या कानात शेवटी ती शिवी राहिली तर? मी नाही वाजवणार."

मग मतं घेतली. प्रणिता आणि बाळू एकमेकांचा अल्बम कदापि येऊ देणार नव्हते, त्यामुळं दोघांनीही नाइलाजानं तौफिकच्या दुसऱ्याला हात वर केला. 'काळोखाची पाठ' ठरली. निघताना तौफिक म्हणाला, "काका, पुसतील तर सांगा, तिसरा मिळत नाही."

मंगळवारी सकाळी तिघं वहिनींच्या घरी आले. वहिनींनी धुवट पातळ नेसून केस विंचरले होते, बुवांच्या कीर्तनाला निघत तशा. तौफिकनं त्यांच्या डाव्या कानाशी स्टुलावर लहान स्पीकर ठेवला. त्यांनी पोरांना शेंगांचे लाडू दिले आणि प्रणिताकडं पाहिलं.

"या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या?"

"सवय आहे, काकू."

"या फोनवरच्या फोटोत शिपूनं तोंडाला काय फासलंय?"

"प्रेताचा रंग म्हणतात त्याला," बाळू म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

"भस्मच की मग. लाडू घे अजून." त्या नीट मांडी घालून बसल्या. "हं, लावा. हे कितवं?"

"दुसरा अल्बम, काकू."

"मग पहिला?"

तौफिकनं माझ्याकडं पाहिलं. "तो जरा कच्चा आहे. दुसराच सगळ्यात नीट आहे. डॉक्टर तासभरच म्हणालेत म्हणून..."

"नमन सोडून मध्येच येऊन बसायची सवय नाही मला. पहिल्यापासून लाव."

"काकू, चक्कर येईल."

"आली तर आडवी होईन. उतरली की परत बसेन. संध्याकाळपर्यंत मला दुसरं काम नाही."

तौफिकनं पहिला लावला. मी रामरक्षा म्हणत बसलो, खोटं कशाला बोलू. तो आवाज म्हणजे पत्र्याच्या शेडवर कुणी दगड ओतावेत तसा, आणि आतून एक चिरका गळा. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. पहिलं गाणं संपल्यावर म्हणाल्या, "शब्द कळत नाहीत. तुम्हाला कळतात?"

"पाठ आहेत," प्रणिता म्हणाली.

"मग माझ्या कानाशी बस आणि सांगत जा. तो म्हणेल तसं."

प्रणिता स्पीकरशेजारी सरकली आणि गाण्याबरोबर शब्द बोलू लागली, स्वच्छ, न घाईनं. क्लास घेणाऱ्या बाईचा आवाज तो. मागं राखघाट किंचाळत होता आणि पुढं ही मुलगी म्हाताऱ्या बाईच्या कानाशी चितांची आणि कावळ्यांची वर्णनं सांगत होती.

"हे कितव्या वर्षी केलं त्यानं?" मध्येच वहिनींनी विचारलं.

"कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला."

"राग नाही यात. नुसती हौस आहे. नवी झांज मिळाल्यावर असाच बडवायचा." प्रणिताचा चेहरा पडला; तौफिकनं हसू दाबलं.

दुसऱ्याच्या वेळी वहिनींचा हात मांडीवर ताल धरू लागला. एकदा घरंगळला, त्यांना घेरी आली, आम्ही त्यांना आडवं केलं. बाळूनं पंख्याचा वारा घातला. मी म्हणालो, "पुरे आता, वहिनी." त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. थोड्या वेळानं उठून बसल्या. "ताल धरणारा पोरगा चांगला आहे. कोण तो? त्याला जेवायला बोलवा कधी तरी. पण शिपू यात लपलाय. धुक्यामागं लपलाय. हं. तिसरा."

"चौथा लावतो, काकू," तौफिक म्हणाला. "तिसरा मिळत नाही."

वहिनींनी त्याच्याकडं पाहिलं. पातळाचा पदर सारखा केला.

"बाळा, तुझ्या अब्बांनी आमच्या घरचा तंबोरा जोडलाय. या घरात खोटं बोलायचं तर अंगणात जाऊन बोल. तिसऱ्यासाठीच मी पहिल्यापासून बसले आहे. माझ्या मुलानं देवाला काय म्हटलं, ते मला भाऊकीच्या तोंडून कळलंय. आता त्याच्या तोंडून ऐकायचंय. ऐकल्याशिवाय मी टेबलावर आडवी होणार नाही. दवाखान्याला कळवा, जेरेबाई येणार नाहीत."

शेवटी प्रणितानंच तौफिकच्या हातातून फोन घेतला.

'कोरडं तीर्थ' सुरू झालं. यात सुरुवातीला किंचाळणं नव्हतं. एकच जाड सूर लांबवर चालला होता, पेटीचा भाता दाबून धरल्यासारखा. मग तो गळा आला. मला संगीतातलं कळत नाही असं नाही, पण या संगीतातलं काही कळत नव्हतं. एवढं मात्र कळलं की पहिल्या दोन अल्बमांत जो ओरडत होता तो लोकांसाठी ओरडत होता. हा कुणा एकाशी बोलत होता.

प्रणिता शब्द सांगत होती. गाण्यामागून गाणं गेलं. शेवटच्या गाण्यापाशी ती थांबली.

"काकू, हे तेच आहे. ज्याच्यावरून लोक बोलले."

"बोल."

प्रणितानं घसा साफ केला. "भुकेला होतास तर माझा हात मागायचास."

वहिनींचे डोळे उघडले.

"भुकेला होतास तर माझे डोळे मागायचास," प्रणिता म्हणाली.

"ज्याला अजून 'नाही' म्हणता येत नाही," वहिनी म्हणाल्या, "त्याच्यावरच हात टाकलास."

प्रणिता गप्प झाली. गाणं चालूच होतं. वहिनी समोरच्या भिंतीकडं बघत, एका लयीत पुढं म्हणाल्या, "देव म्हणून तू मोठा असशील. पाहुणा म्हणून तू हलकट आहेस."

आणि स्पीकरमधला वेताळ नेमकी तीच ओळ ओरडला.

ती ओळ मलाही पाठ होती. राममंदिरात, पहिल्या सतरंजीवर बसून ऐकलेली.

"काकू, तुम्ही हे आधी ऐकलंय?" बाळूनं विचारलं.

"विष्णुपंत, सांगा त्यांना," वहिनी म्हणाल्या.

मी सांगितलं. देव अतिथी होऊन दारात येतो आणि आईकडं तिचंच लेकरू जेवणात मागतो, ते जुनं आख्यान तुम्हीही ऐकलं असेल. कीर्तनकाराची एक रीत असते. जे सिद्ध करायचं त्याच्या विरुद्ध बाजू तो आधी स्वतःच मांडतो. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. उत्तर मागून येतं. बहुतेक बुवा पूर्वपक्ष लंगडा मांडतात, म्हणजे पाडायला सोपा. नरहरबुवांचा तसा नसे. त्या आख्यानात ते त्या आईच्या बाजूनं उभे राहत आणि देवाला असे बोलत की बायका पदर तोंडाला लावत. एका उत्सवात 'हलकट' ऐकून एक बडे गृहस्थ ताडकन उठले होते. बुवा मंचावरून म्हणाले, "बसा. उत्तराआधी उठलात तर नुसती शिवी घेऊन घरी जाल." बुवांच्या पाठीमागं तेव्हा झांज घेऊन श्रीपाद उभा होता.

"म्हणजे हे शब्द..." तौफिक म्हणाला.

"बुवांचे. अक्षर न् अक्षर."

प्रणितानं उजव्या हाताची बाही हळूहळू वर दुमडली. दंडापासून मनगटापर्यंत गोंदलेलं होतं: पाहुणा म्हणून तू हलकट आहेस.

वहिनींनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन वाचला. मग त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येत असताना हसल्या. "अगं, हे वाक्य त्यांना न्हाणीघरात सुचलं होतं. साबण डोळ्यांत गेला तसेच बाहेर आले, मला म्हणाले, उमे, ऐक. आणि हे तू हातावर घेऊन हिंडतेस होय."

चौथा अल्बम त्यांनी ऐकला, पण पडून. बाळू मोठ्या आशेनं बघत होता. संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "आवाज गोड आहे. पण हा घाबरलेल्या पोराचा आवाज आहे. माफी मागतोय. कशाची, तेच त्याला ठाऊक नाही."

"मी म्हणत नव्हते?" प्रणिता बाळूला म्हणाली.

"तुझा पहिला तरी कुठं पास झालाय," बाळू म्हणाला.

बुधवारी श्रीपाद आला तेव्हा आम्ही सगळे तिथंच होतो. तौफिकनं स्पीकर नेला नव्हता. उंच, केस कापलेला, चष्मा. वेताळ म्हणून ओळखू येईना. त्यानं आधी आईला पाहिलं, मग स्टुलावरचा स्पीकर, मग प्रणिताचा काळा शर्ट.

"काय ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"सगळं."

"तिसराही?"

"तिसराच जास्त. ये, डाव्या बाजूला बस."

तो दारातच उभा राहिला. "मला वाटलं होतं, बाबा ओळखतील," तो म्हणाला. "स्वतःचं वाक्य. ऐकतील आणि हसतील, किंवा चिडून फोन करतील, माझा पूर्वपक्ष चोरलास म्हणून. मी फोनची वाट पाहत होतो, आई."

"त्यांनी ऐकलंच नाही रे ते. त्यांच्यापर्यंत गाणं पोचलं नाही. निरोप्यानं नुसती शिवी पोचवली."

"काय म्हणाले ते?"

"तुझ्या चुलत्याच्या पोरानं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. हे ऐकत बसले. शेवटी एवढंच विचारलं, सुरात होता का? त्याला ते सांगता येईना. मग मला म्हणाले, याला चहा दे आणि पाठव."

श्रीपाद आत आला आणि आईच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसला. प्रणिता आणि मंडळी उठायला लागली, तशी वहिनींनी हातानं बसवली.

"जाऊ नका. साक्षीला राहा. शिपू, पूर्वपक्ष चांगला मांडलास. त्यांच्यापेक्षा जोरात मांडलास. पण मांडून उठून गेलास. कीर्तनकाराच्या पोरानं असं करावं? उत्तर कधी देणार?"

"उत्तर येत नाही मला."

"त्यांना तरी कुठं येत होतं? त्या आख्यानाचं उत्तर दर उत्सवाला नवं असायचं. घरी आल्यावर पाय धुताना म्हणायचे, उमे, आजही जमलं नाही. म्हणून तर पुन्हा उभे राहायचे. तुला येत नाही म्हणून तू बसून राहिलास. हे मला चालणार नाही."

"आई, परवापासून तुला काही ऐकू येणार नाही. मी कुणासाठी गाऊ?"

"मी समोर बसेन."

"ऐकू येणार नाही म्हणतोय मी."

"आणि मी बसेन म्हणतेय. समोर कुणी शेवटपर्यंत बसलेलं असलं की उभ्या माणसाला पुरतं. चाळीस वर्षं मी तेच केलंय, दर वेळी ऐकतच होते असं थोडंच आहे? निम्मा वेळ घरी आमटी उतू गेली का याचा विचार करायची. हो म्हण. हो म्हटल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही, आणि मी चढणार नाही म्हटलं की काय होतं ते या तिघांना विचार."

"खरंच नाही चढणार त्या," तौफिक म्हणाला.

श्रीपादनं आईच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्यांना आलं. त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, "चला विष्णुपंत, पिशवी भरायची आहे."

ऑपरेशन झालं. कान गेला, जीव राहिला.

पुढच्या वर्षीच्या माघात कोल्हापूरच्या एका हॉलमध्ये राखघाट पुन्हा उभा राहिला. पोरं सगळी उभी, केस झटकत होती. मध्ये एकच प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर धुवट पातळातल्या उमावहिनी, तळहात समोरच्या मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर टेकलेला. मी मागं कानांत कापूस घालून उभा होतो. पाचव्या अल्बमची गाणी होती. प्रणिताला ती दुसऱ्या अल्बमसारखीच नावडली, बाळूला फार आवडली, आणि तौफिक म्हणतो, उत्तर अजून सापडलेलं नाही पण ड्रम झकास आहेत. त्यावर ते आजही भांडतात; मधे मीही त्यांच्यात जाऊन बसतो आणि तिसऱ्याची बाजू घेतो. त्यानंतर राखघाटचे जेवढे कार्यक्रम जवळपास झाले, तेवढ्यांना वहिनी गेल्या. शेवटच्या दोन वर्षांत श्रीपादच त्यांना उचलून खुर्चीत ठेवायचा, तोंडाला भस्म फासलेलं असताना.

आता त्या नाहीत. तुम्ही कुठं कीर्तनाला बसाल, गाण्याला बसाल, किंवा नुसतं कुणा दुखावलेल्या पोराचं बोलणं ऐकायला बसाल, आणि मध्येच उठावंसं वाटेल, तेव्हा एवढं करा. एक श्वास थांबा, आणि आमच्या उमावहिनींची आठवण काढा.